जिना चढताना त्रास: अजिबात नाही

दादाच्या घरात तिला सगळे आत्या म्हणत. खरी आत्या ती फक्त दादाच्या मुलीची. पण मुलगी लग्न होऊन दूर गेली तरी नाव मागे राहिलं, आणि वहिनीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. एकटा दादा तिला फौजदार म्हणायचा. तिच्या नाकावर कायम राग असतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आत्या भाषांतरं करायची. औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पुस्तिका, विम्याचे कागद. ज्या मजकुराला कुणी लेखक नसतो तो सगळा तिच्या हातून जायचा. त्यामुळे मोठ्या रुग्णालयाच्या छातीविकार विभागातून बोलावणं आलं तेव्हा तिला बरं वाटलं. परदेशातल्या एका कंपनीची प्रश्नावली आपल्या भाषेत आणायची होती. फुप्फुसाच्या आजारानं माणसाचं रोजचं जगणं किती अवघड झालंय, हे ती प्रश्नावली मोजायची. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं: अजिबात नाही, थोडा, बराच, खूप; किंवा कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी. त्यांतलं एक निवडायचं, शेवटी बेरीज करायची, आणि माणसाचं जगणं एका आकड्यात हजर.

तिला हे काम जवळचं वाटायला आणखी एक कारण होतं. दादा स्वतः त्याच विभागात जायचा. सगळं आयुष्य त्यानं गाड्यांना रंगाचा फवारा मारण्यात घालवलं होतं, तोंडाला एक फडकं बांधून, आणि आता त्याची छाती भात्यासारखी वाजायची. आठवड्यातून दोनदा तो तिथं श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम करायला जायचा. व्यायाम घेणारी मुलगी गोड बोलून घाम काढते, असं तो कौतुकानं सांगायचा.

कामाची पद्धत कडक होती. दोन भाषांतरकारांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग एकत्र बसून एक पाठ ठरवायचा. मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या तिसऱ्या माणसानं तो पाठ उलटा परक्या भाषेत न्यायचा, आणि तो मुळाशी जुळला तर भाषांतर बरोबर. दुसरा भाषांतरकार एक तरुण प्राध्यापक होता. त्यानं उत्साह या अर्थानं लिहिलं होतं, ‘गेल्या महिन्यात तुमच्या अंगात दम होता का?’ उलटं भाषांतर अगदी मुळाबरहुकूम आलं. आत्या म्हणाली, "अहो, दम्याच्या माणसाला विचारताय दम आहे का म्हणून. तो म्हणेल, आहे ना, त्यासाठीच तर इथं आलोय." सगळे हसले आणि प्रश्न बदलला गेला. आत्या त्या दिवशी खुशीत घरी आली. एकेक वाक्य तिनं असं घासूनपुसून घेतलं की वाचणाऱ्याला ते परक्या भाषेतून आल्याचा संशयही येऊ नये.

मग रुग्णांच्या मुलाखती सुरू झाल्या. प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घ्यायची आणि एकेका प्रश्नाला थांबून विचारायचं, की तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा. हे कामही आत्याकडेच होतं. विभागाच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती, भिंतीला टेकवलेली मोडकी व्हीलचेअर, दोन खुर्च्या आणि सतत कुरकुरणारा पंखा.

पहिला आला तो एक निवृत्त बसड्रायव्हर. सोबत सून होती. दारापासून खुर्चीपर्यंत येताना तो मध्ये व्हीलचेअरला धरून उभा राहिला, हसला, म्हणाला, "सिग्नल लागलाय." बसल्यावर बराच वेळ त्याचे खांदे वरखाली होत राहिले.

आत्यानं वाचलं, "जिना चढताना धाप लागल्यामुळे तुम्हाला किती त्रास झाला?"

"अजिबात नाही," ड्रायव्हर म्हणाला.

आत्यानं मान वर केली. "हा प्रश्न तुम्हाला काय समजला? तुमच्या शब्दांत सांगाल?"

"त्यात काय समजायचंय? जिना चढताना दम लागून त्रास होतो का, असं विचारताय."

"आणि होत नाही?"

"मी चढतच नाही हो जिना. कधीचा पलंग खाली आणून टाकलाय. वरच्या खोलीला आता कसला रंग आहे तेसुद्धा मला माहीत नाही. चढतच नाही तर त्रास कुठून व्हायचा?"

आत्याला हसू आलं. पुढच्या क्षणी ते गेलं. प्रश्न त्याला बिनचूक समजला होता, उत्तरही त्यानं खरं दिलं होतं. त्या खऱ्या उत्तरानं तो ठणठणीत ठरत होता.

पुढे एक प्रश्न होता, ‘मी घरच्यांवर भार झालो आहे असं मला वाटतं.’ ड्रायव्हरनं सुनेकडे न बघता ‘कधीच नाही’ वर खूण केली. सून पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा तो खाली वाकून म्हणाला, "बाई, असले प्रश्न माणसाला एकट्यात विचारावेत."

आत्यानं शब्दन्‌शब्द टिपून घेतलं. नंतर आलेल्या माणसांचीही तीच गत. एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, खरेदीला जायचा त्रास नाही, कारण शेजारीण आणून देते. एक शिक्षक म्हणाले, हसताना खोकला येत नाही, कारण हल्ली हसण्यासारखं काही नसतं. जो जितका जास्त खचलेला तितक्या जास्त गोष्टी त्यानं सोडलेल्या, आणि जितक्या सोडलेल्या तितका त्रास कमी.

विभागप्रमुख डॉक्टरांच्या खोलीत बैठक झाली. भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीची समन्वयक होती. आत्यानं सगळं मांडलं आणि म्हणाली, एक साधं पाचवं उत्तर घाला, ‘धाप लागते म्हणून मी हे करतच नाही.’ आणि भाराचा प्रश्न घरच्यांना बाहेर पाठवून विचारा.

समन्वयक गोड आवाजात म्हणाली, "निरीक्षण फार मोलाचं आहे. पण उत्तरांची संख्या बदलली तर इतर देशांशी तुलना करता येणार नाही. बाकी कुठल्याच भाषेत ही अडचण आलेली नाही."

"अडचण आली नाही, की कुणी सांगितली नाही?" आत्यानं विचारलं.

डॉक्टरांनी घाईघाईनं सूत्रं हातात घेतली. माणूस वाईट नव्हता, रुग्णांशी उठून उभं राहून बोलायचा. पण कंपनीसमोर त्याचा आवाज बदलायचा. "हा आपल्याकडचा सांस्कृतिक भाग आहे," तो म्हणाला. "आपली माणसं त्रास लपवतात. सोसायची सवय असते. त्याला भाषांतर काय करणार?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी काही लपवलेलं नाही, डॉक्टर. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. आपण ऐकत नाही. यात संस्कृती कुठून आली?"

समन्वयक बाईनं घड्याळाकडे पाहिलं आणि बैठक संपली.

आठवड्याभरानं अहवाल सहीसाठी तिच्यापुढे आला. मुलाखतींचं सार एका ओळीत होतं: सर्व सहभागी रुग्णांना सर्व प्रश्न व्यवस्थित समजले. आत्या ती ओळ बघत बसली. तिला सगळ्यात चीड आली ती या गोष्टीची, की ओळ खोटी नव्हती. समजले होतेच प्रश्न. खोटेपणा कुठं बोट ठेवून दाखवता येणार नाही इतका सफाईदार होता.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"तुमची मर्जी," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या भाषांतरकारांची चालेल."

प्राध्यापकानं सही केली. आत्याला फोन करून म्हणाला, "ताई, तुमचं पटतं मला, पण माझी नोकरी अजून कायम व्हायचीय." आत्यानं फोन ठेवला.

त्यानंतर प्रश्नावली पुष्कळ रुग्णांकडून भरून घेतली गेली आणि आकडे उत्तम आले. प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत होती, आज दिलेलं उत्तर पंधरवड्यानं दिलेल्या उत्तराशी जुळत होतं. जुळणारच, आत्या मनाशी म्हणाली. पलंग एकदा खाली आला की पंधरवड्यात वर जातो थोडाच. सगळे मिळून एकाच जागी चुकले की मोजमाप फार सुरेख दिसतं. प्रश्नावलीवर ‘प्रमाणित’ असा शिक्का बसला आणि आत्या आपल्या यंत्रांच्या पुस्तिकांकडे परतली.

हे इथंच संपलं असतं. पण मधल्या काळात विभागात व्यायामाच्या जागा कमी पडायला लागल्या, रांग वाढली, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं याला काहीतरी माप हवं झालं. माप तयारच होतं.

एका दुपारी आत्या दादाकडे गेली तर तो सोफ्यावर उशांना टेकून बसला होता, चेहरा फुललेला.

"फौजदार, मी पास झालो," तो म्हणाला. "व्यायामाला यायची गरज नाही म्हणाले. तब्येत सुधारलीय."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"कोण म्हणालं?"

"पेपर दिला होता भरायला. छान होता. सोपा, एकदम आपण बोलतो तसा. नाहीतर सरकारी कागद कसे असतात, दोनदा वाचले तरी डोक्यावरून जातात."

आत्या त्याच्यासमोर बसली. "जिन्याचं काय लिहिलंस?"

"कुठल्या जिन्याचं?"

"पेपरात विचारलं असेल. जिना चढताना धाप लागून किती त्रास झाला?"

दादानं खांदे उडवले. "अजिबात नाही."

"गच्चीवर शेवटचा कधी गेलास?"

"गच्चीवर काय काम आहे माझं?"

"दादा, बाहेरच्या फाटकापर्यंत तरी जातोस का?"

"पेपर येतो आत. दूध येतं आत." त्याचा आवाज चढला, आणि चढल्याबरोबर अडकला. तो थांबला, ओठांचा चंबू करून त्यानं हळूहळू श्वास सोडला, व्यायामवालीनं शिकवल्यासारखा. "विचारलं तेवढं सांगितलं. तू काय उलटतपासणी घ्यायला आलीस?"

ते प्रश्न मीच लिहिलेत, हे आत्यानं त्याला सांगितलं नाही. सोपा होता, आपण बोलतो तसा. तिनं घासूनपुसून घेतलेली वाक्यं. त्यांत कुठं खाच राहिली असती, दादा कुठं अडखळला असता, तर निदान कुणाला तरी विचारलं असतं त्यानं.

तेवढ्यात वहिनी बोलली. बाई एरवी मोजकं बोलायची. "आणि ते भाराचं काय लिहिलंत तेही सांगा."

दादानं पाठीमागची उशी सरळ केली.

"‘घरच्यांवर भार झालो आहे असं वाटतं.’ कधीच नाही. मी शेजारीच बसले होते, आत्या. बघितलं मी." तिच्या हातातला टॉवेल अर्धा घडी झालेला तसाच राहिला. "रोज यांना धरून न्हाणीत नेते. पाठ चोळून देते, कपडे चढवते. खोकल्याची उबळ आली की मी उठून बसते, यांच्या आधी. माझ्या कमरेत उसण भरलीय ती जात नाही. आणि कागदावर काय, कधीच नाही. म्हणजे मी दिवसभर करते काय या घरात?"

"तुझ्यासमोर लिहू?" दादा हळू म्हणाला. "तू शेजारी बसलेली असताना लिहू, की मी भार आहे म्हणून?"

"लिहायचं होतंत. मला वाईट नसतं वाटलं. भार आहात म्हणून टाकून देणार होते का मी? आहे तर आहे. उचलतेच आहे. पण निदान कुठंतरी लिहिलेलं तरी राहिलं असतं."

वहिनीनं टॉवेलची घडी पुरी केली आणि ढीग उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं दादाला रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. तो नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. डॉक्टर खोलीत होते. तिनं दादाला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "हे तुमचे पास झालेले रुग्ण. माझे भाऊ. यांना जिन्याचा अजिबात त्रास नाही असं माझ्या भाषेत लिहिलंय. तुमच्या दाराबाहेर जिना आहे. चला, चढवून बघू."

"असं करता येत नाही, ताई. पद्धत असते."

"पद्धत बघितली मी. आतून बाहेरून बघितली."

डॉक्टरांनी व्यायामवालीला बोलावलं. तिनं दादाच्या बोटाला रक्तातला प्राणवायू दाखवणारा चिमटा लावला आणि त्याच्या कमरेमागे हात धरून ती जिन्याला लागली. बाकावर ताटकळलेले लोक बघू लागले. पहिल्या काही पायऱ्या दादा ताठ मानेनं चढला. मग वेग मंदावला. वळणाच्या अलीकडेच त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला, तोंड उघडं, ओठ निळसर, आणि डोळे आत्याकडे. व्यायामवालीनं आकडा बघितला. तो मोठ्यानं वाचला नाही, फक्त डॉक्टरांना दाखवला. खुर्ची आणली गेली, प्राणवायूची नळी लावली गेली.

"उद्यापासून यायला सांगा यांना," डॉक्टर म्हणाले. आत्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"आणि बाकीचे?"

"जे तक्रार करतील त्यांचा विचार करू."

"तक्रार करायला इथवर चालत यावं लागतं, डॉक्टर."

परत येताना दादा रिक्षाबाहेर बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "बाजारात जनावर फिरवून दाखवतात तसं केलंस माझं." आत्यानं त्याचाच जीव पणाला लावून आपला राग काढला होता, आणि तिला ते जिन्याच्या वळणावरच कळलं होतं. त्या दिवसानंतर दादानं तिच्याशी बोलणं टाकलं. व्यायामाला मात्र जात राहिला.

बाकीच्यांचं काम शेवटी व्यायामवालीनं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती घरी पाठवलेल्या रुग्णांना एकेक करून फोन करायची आणि प्रश्नावलीतला कुठलाही प्रश्न न विचारता म्हणायची, "धाप लागते म्हणून काय काय करायचं सोडलंत?" लोक बोलत सुटायचे. काही परत आले. शिवणकाम करणारी बाई आली. ड्रायव्हरचा फोन सुनेनं उचलला. ते गेले, म्हणाली, मागच्याच महिन्यात. घरी पाठवल्यानंतर ते पलंगावरून फारसे उठलेच नाहीत.

व्यायामवालीनं हे आत्याला बाकावर बसवून सांगितलं. व्यायाम चालू राहिले असते तर ड्रायव्हर जगला असता का, हे सांगता येत नव्हतं. आजार वाढलेला होता. कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि म्हणूनच कुणालाही जाब विचारता येत नव्हता. तिला तेच सहन होईना.

ज्यांनी मूळ प्रश्नावली बनवली होती, त्या परदेशातल्या संशोधकांना तिनं लिहिलं. काही आडपडदा ठेवला नाही. उत्तर आलं एका म्हाताऱ्या बाईंचं, सौजन्यानं भरलेलं. पहिल्या आवृत्तीत पाचवं उत्तर होतं, त्यांनी कळवलं. ‘मी हे करतच नाही.’ कंपनीला सगळं एका पानावर हवं होतं म्हणून ते काढलं. आमच्याकडचे रुग्णही तुमच्या रुग्णांसारखीच उत्तरं देतात. आम्ही तेव्हा भांडायला हवं होतं.

आत्यानं ते पुन्हा वाचलं. म्हणजे संस्कृती नाही, सोसायची सवय नाही, भाषा नाही. तिकडची माणसंसुद्धा पलंग खाली आणत होती, आणि तिकडेही कुणी विचारत नव्हतं. जाईल तिथं, भाषेमागून भाषेत, तीच चूक काळजीपूर्वक उतरवली जात होती, आणि दोष त्या त्या ठिकाणच्या माणसांच्या स्वभावाला. तिनं पत्र डॉक्टरांना पाठवलं. त्यांनी आभार मानले. पुढच्या आवृत्तीच्या वेळी जरूर विचार होईल, असं लिहिलं.

काही महिन्यांनी डॉक्टरांचाच फोन आला. त्वचेच्या आजाराची प्रश्नावली आली होती. "तुमच्याइतकं चांगलं काम दुसरं कुणी करत नाही," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते.

"रुग्ण जे बोलतील ते जसंच्या तसं अहवालात जाईल?" आत्यानं विचारलं. "एका ओळीत नाही. त्यांच्या शब्दांत."

"बघू ना. कंपनीशी बोलून बघू."

"बोलून घ्या आणि मग फोन करा. तोवर मी नाही."

फोन परत आला नाही. काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं असणार, हे तिला ठाऊक होतं. हात झटकून मोकळं झाल्यासारखं तिला वाटलं नाही. आपण नाही म्हणालो तिथं आता कोण बसलं असेल, आणि ते काय ऐकून काय लिहीत असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

एकदा वहिनीचा फोन आला. कमरेसाठी तिला डॉक्टरकडे जायचं होतं, दादाजवळ कुणीतरी हवं होतं. आत्या गेली. वहिनी बाहेर पडल्यावर घरात फक्त दादाच्या श्वासाचा आवाज राहिला. आत्यानं खिडकीशी खुर्ची ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं. वाचत मात्र ती नव्हती.

"अजून रागावलेलीच आहेस का?" दादानं विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावरही. सगळ्यांवर."

त्यानं थोडा वेळ श्वास जमवला. "मला न्हाणीत जायचंय," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला यायला उशीर होईल."

आत्या उठली. त्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला उभं केलं. तो तिला वाटला होता त्याहून कितीतरी हलका होता.